प्रत्येक मुक्कामापुढे उंची छापा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मे महिन्याची सुट्टी जवळ येऊ लागली की वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत दक्षिण अमेरिकेच्या सहलींचे लेख आणि जाहिराती दिसू लागतात. अलीकडे त्यांत पेरूचे नाव वारंवार येते, आणि ते रास्तच आहे. पॅसिफिकच्या काठावरचे जुने महानगर, स्पॅनिश येण्यापूर्वी तिथे राज्य करणाऱ्या इंका लोकांची राजधानी, पांढऱ्या ज्वालामुखी दगडात बांधलेले शहर आणि पायी उतरता येईल अशी अजस्र दरी, हे सगळे तिथे एकाच देशात आहे. आपली मे महिन्याची सुट्टीही नेमकी तिथल्या कोरड्या ऋतूच्या सुरुवातीला येते. तक्रार पेरूबद्दल नाही. या लेखांत आणि जाहिरातींत कार्यक्रम ज्या क्रमाने मांडलेला असतो, तो क्रम धोक्याचा आहे आणि त्याविषयी कोणी बोलत नाही, म्हणून हे पत्र.

ठरलेला साचा असा असतो. पहिली रात्र लिमा. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या विमानाने कुस्को आणि दुपारी लगेच शहरदर्शन. तिसऱ्या दिवशी माचू पिचू. चौथ्या किंवा पाचव्या दिवशी विनिकुंका, म्हणजे ज्याची रंगीत पट्ट्यांची छायाचित्रे सगळीकडे फिरतात तो डोंगर. आता याच ठिकाणांपुढे उंची लिहून पाहा. लिमा समुद्रसपाटीपासून जेमतेम १५० मीटर. कुस्को ३,४०० मीटर. शहरदर्शनातला साक्सायवामानचा किल्ला ३,७०० मीटर. विनिकुंका ५,००० मीटरच्या वर, आणि तिथे चालायला सुरुवातच साडेचार हजारांच्या पुढे होते. आपले कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर आहे. सकाळी समुद्रकाठी उठलेला माणूस सव्वा-दीड तासाच्या विमानप्रवासानंतर कळसूबाईच्या दुपटीहून उंच जागी उतरतो आणि त्याच दुपारी त्याला किल्ला चढायला लावतात.

लेह ३,५०० मीटरवर आहे. लेहला विमानाने गेलात तर पहिले दोन दिवस खोलीतच राहायचे, हे महाराष्ट्रातल्या पर्यटकांना आता पाठ झाले आहे. कुस्को लेहपेक्षा फक्त शंभरेक मीटरने खाली आहे. पण तिथे बर्फ दिसत नाही, लष्कराच्या गाड्या दिसत नाहीत. चौक, चर्च, कॉफीची दुकाने, गजबजलेले बाजार दिसतात. शहर म्हणजे सखल जागा, अशी आपली समजूत झालेली असते आणि चूक तिथेच होते.

कुस्कोत हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश असतो, विनिकुंकावर निम्म्याहून थोडा अधिक. उंचीचा त्रास उतरल्याबरोबर होत नाही. सहा ते बारा तासांनी डोके ठणकू लागते, मळमळते, जेवण नकोसे होते, झोप लागत नाही. दुपारी ठणठणीत वाटते म्हणून माणूस किल्ल्यावर जातो, रात्री भरपेट जेवतो, सोबत पिस्को ही तिथली द्राक्षांची दारू घेतो आणि पहाटे दोन वाजता डोके धरून बसतो. सह्याद्रीत दर रविवारी चढणाऱ्यांना वाटते की आपला दम चांगला आहे, आपल्याला काही होणार नाही. दम आणि उंचीला सरावणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रक्तातला बदल, श्वासाची गती, मूत्रपिंडांचे काम यांना दिवस लागतात, आणि व्यायामाने ते दिवस कमी होत नाहीत. उलट तगडे तरुण भरभर वर जातात, म्हणून त्यांनाच पुष्कळदा जास्त त्रास होतो.

पर्वतवैद्यकातला नियम सोपा आहे. पहिलीच झोप २,८०० मीटरच्या वर नको. ३,००० मीटरच्या पुढे झोपण्याची जागा एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथेच थांबावे. दिवसा वर जाऊन रात्री खाली आलेले चालते. हिशोब झोपेच्या उंचीचा.

हा नियम पाळला तर शहरे वगळावी लागतील, वेळ वाया जाईल, असे सहल आखणाऱ्यांना वाटते. पेरूत हे अजिबात खरे नाही. तिथली मोठी शहरे उंचीच्या पायऱ्यांवरच वसली आहेत. शहर पाहण्यात घालवलेले दिवसच शरीराला डोंगरासाठी तयार करतात.

लिमाला तीन रात्री द्याव्यात. भारत आणि पेरू यांच्या घड्याळांत साडेदहा तासांचा फरक आहे. थेट विमान नाही, युरोपमार्गे किंवा अमेरिकेमार्गे जावे लागते (अमेरिकेमार्गे गेल्यास विमानतळावर नुसते थांबायलाही तिथला व्हिसा लागतो). त्यामुळे पहिले दोन दिवस झोपेचे खोबरे झालेलेच असते. ते समुद्रसपाटीवर काढणे शहाणपणाचे. लिमाची वाहतूक भयंकर आहे, म्हणून शहराचे दोन भाग करावेत. एका दिवशी जुने शहर आणि लार्को संग्रहालय. जुन्या शहरातल्या सान फ्रान्सिस्को मठाखालची हाडांची तळघरे प्रसिद्ध आहेत, पण खरा वेळ लार्कोत द्यावा. स्पॅनिश येण्यापूर्वीची हजारो मातीची भांडी तिथल्या कोठारात कपाटांवर खुली मांडून ठेवली आहेत. गाठींच्या दोऱ्यांत हिशोब ठेवण्याची इंकांची किपू पद्धतही तिथे पाहायला मिळते. दुसऱ्या दिवशी मिराफ्लोरेस आणि बारांको. मिराफ्लोरेसच्या इमारतींच्या मधोमध वाका पुक्याना हा कच्च्या विटांचा पिरॅमिड आहे, दीड हजार वर्षांपूर्वीच्या लिमा संस्कृतीचा. विटा आडव्या न रचता पुस्तकांसारख्या उभ्या लावल्या आहेत आणि मध्ये फटी सोडल्या आहेत, म्हणजे भूकंपात भिंत हलते पण पडत नाही. बारांको-मिराफ्लोरेस ते जुने शहर यासाठी मेट्रोपोलितानो ही राखीव मार्गिकेवरची बस सगळ्यांत वेगवान. तिला पैसे भरायचे कार्ड लागते, रोख चालत नाही.

लिमानंतर बहुतेक जण सरळ कुस्कोला जातात. तिथेच फाटा बदलावा आणि आरेकिपाला जावे. विमानाने दीड तास, उंची २,३३५ मीटर. पहिल्या पायरीसाठी याहून चांगली जागा पेरूत नाही. शहर पांढऱ्या सिल्यार दगडाचे, मागे मिस्ती हा ५,८२२ मीटरचा ज्वालामुखी. १५७९ साली स्थापन झालेला सांता कातालिना मठ म्हणजे शहरातले दुसरे शहर आहे. वीस हजार चौरस मीटर, आत गल्ल्या, चौक, निळ्या-तांबड्या भिंती. ख्रिस्ती जोगिणींचे हे जग लोकांना पाहायला १९७० मध्ये खुले झाले. अर्धा दिवस तरी लागतो आणि सकाळचे ऊन तिरपे असताना जावे. आंपातो शिखराजवळ १९९५ साली गोठलेल्या अवस्थेत सापडलेल्या इंका मुलीचे, 'हुआनिता'चे संग्रहालयही इथेच आहे. साधारण जानेवारी ते एप्रिल तिला जतनासाठी आत ठेवतात आणि दुसरी ममी मांडतात, हे जाण्यापूर्वी माहीत असावे.

आरेकिपात दोन रात्री झोपल्यावर कोल्का दरी. इथेही एक सापळा आहे. पहाटे तीनला निघून रात्री परत आणणारी एका दिवसाची सहल सगळीकडे विकली जाते. तिच्यात ४,९१० मीटरची पातापाम्पा खिंड दिवसातून दोनदा ओलांडतात आणि दरी मात्र वरूनच पाहून परततात. त्याऐवजी सावकाश सकाळी निघावे. खिंडीत पाच-दहा मिनिटांहून अधिक रेंगाळू नये. काबानाकोंदे या ३,२९० मीटरवरच्या गावी मुक्काम करावा. वाटेत क्रूस देल कोंडोर या टेकाडावर सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान कोंडोर गिधाडे दिसतात. ऊन तापून हवा वर उठू लागली की तीन मीटर पंखांचा हा पक्षी पंख न हलवता दरीतून वर येतो. दुपारी पोहोचलात तर आकाश रिकामे असते, म्हणून कोंडोर परतीच्या सकाळसाठी राखून ठेवावा.

काबानाकोंदेहून दरीत उतरणे हा पेरूतल्या साहसाचा सर्वांत सुंदर भाग आहे आणि सह्याद्रीच्या भटक्याला तो लगेच कळेल. हा उलटा किल्ला आहे: आधी उतार, शेवटी चढ. तळाच्या सांगाये या हिरव्या मुक्कामी उंची २,१८० मीटर, म्हणजे सुमारे ११०० मीटर उतरायचे आणि दुसऱ्या दिवशी तेवढेच चढायचे. वाट सुट्या मुरमाची आहे, घसारा आहे, आपल्याकडच्या घळींसारखा. उतरताना गुडघे जातात, म्हणून दोन काठ्या हव्यातच. चढ पहाटे पाचच्या आत, टॉर्च लावून सुरू करावा. आठनंतर दरीच्या भिंतीवर सावली उरत नाही. माणशी तीन लिटर पाणी तळातूनच घ्यावे, वाटेत झरा धरू नये. चढायला तीन ते चार तास लागतात. पाय गेले तर खेचर मिळते, पण ते आदल्या रात्री सांगून ठेवावे लागते. शरीराच्या दृष्टीने ही आखणी उत्तम आहे. एक रात्र ३,२९० वर, एक २,१८० वर, पुन्हा आरेकिपा. उंचीची ही सवय पुढचे काही दिवस टिकते.

मग कुस्कोचे विमान. उतरल्यावर शहरात न थांबता सरळ गाडीने खाली उरुबांबा नदीच्या खोऱ्यातल्या ओयांतायतांबोला यावे. दोन तासांचा रस्ता, उंची २,७९०. इंकांनी आखलेल्या गल्ल्या आणि पाण्याचे पाट इथे अजून वापरात आहेत. १५३७ मध्ये मांको इंकाने खालच्या मैदानात पाणी सोडून स्पॅनिश घोडदळाला इथेच माघार घ्यायला लावली. माचू पिचूची आगगाडी याच गावातून सुटते. ज्यांच्याकडे दहाच दिवस आहेत त्यांनी आरेकिपा सोडावे, पण लिमानंतर पहिल्या दोन-तीन रात्री या खोऱ्यातच काढाव्यात आणि कुस्को शेवटी ठेवावे. एवढा एकच बदल केला तरी निम्मा त्रास वाचतो.

माचू पिचू २,४३० मीटरवर आहे, तिथे उंचीची चिंता नाही. तिथली गडबड तिकिटाची होते. जून २०२४ पासून तीन मंडळे (सर्किट) आणि त्यांतल्या ठरावीक वाटा अशी तिकिटे आहेत. एक क्रमांकाच्या मंडळात वरच्या सज्ज्यांवरून देखावा मिळतो, वस्तीच्या आत जाता येत नाही. दोन क्रमांकात देखावा आणि वस्ती दोन्ही मिळतात. तीन क्रमांक खालच्या भागातून जातो, आणि सुमारे २,७०० मीटरचे वायना पिचू शिखर चढायचे तर त्याचे वेगळे तिकीट याच मंडळात येते. दोन क्रमांकाची तिकिटे आधी संपतात. मग सहल कंपनी उरलेले घेते आणि पर्यटकाला प्रवेशद्वारापाशी कळते की त्याला दगडी वस्तीत पाऊल टाकता येणार नाही. पैसे भरण्यापूर्वी मंडळाचा क्रमांक लेखी मागावा. तिकिटावर पारपत्राचा क्रमांक असतो. मधल्या काळात पारपत्र नवे काढले असेल तर जुनेही सोबत ठेवावे. स्वच्छतागृह दाराबाहेरच आहे आणि बाहेर पडल्यावर पुन्हा आत सोडत नाहीत. काठीच्या टोकाला रबरी टोपण नसेल तर काठी अडवतात. आगगाडीत मोठी बॅग चालत नाही, ती ओयांतायतांबोच्या हॉटेलातच ठेवावी.

पायी जायचे असेल तर चार दिवसांच्या इंका वाटेला दिवसाला फक्त ५०० जणांना परवानगी असते, आणि त्यात वाटाडे, स्वयंपाकी, हमाल सगळे आले. परवाना अधिकृत संस्थेमार्फतच मिळतो, दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. मे ते ऑगस्टचे परवाने महिनोन्‌महिने आधी संपतात. फेब्रुवारीत वाट बंद असते. सर्वांत उंच खिंड ४,२१५ मीटर. सालकांताय वाटेला अशी मर्यादा नाही, म्हणून ऐनवेळी तीच सुचवली जाते, पण तिची खिंड ४,६०० मीटरच्या वर आहे आणि ती सोपा पर्याय मुळीच नाही.

कुस्को शेवटी, तीन रात्री, आणि मग ते शहर खऱ्या अर्थाने पाहता येते, कारण डोके शांत असते. कोरिकांचा हे इंकांचे सूर्यमंदिर. त्यावर सांतो दोमिंगोचा मठ बांधला. १९५० च्या भूकंपात मठाचे बांधकाम ढासळले आणि आतल्या इंका भिंती जशाच्या तशा उभ्या राहिलेल्या दिसल्या. आतुन रुमियोक गल्लीतला बारा कोनांचा दगड, कॅथेड्रलमधले येशूच्या ताटात भाजलेला गिनीपिग दाखवणारे शेवटच्या भोजनाचे चित्र, सान ब्लासची चढाची गल्ली, सगळे पायी होते. दहा दिवस चालणाऱ्या पर्यटक-तिकिटात सोळा ठिकाणे येतात, पण कोरिकांचाचा मठ आणि कॅथेड्रल त्यात नाहीत. सान पेद्रो बाजारात मराठी माणसाने मुद्दाम रेंगाळावे. बटाटे, शेंगदाणे, मिरची, साबुदाण्याचा कंद, आपल्या उपवासाच्या खिचडीतले जवळजवळ सगळेच मूळचे अमेरिका खंडातले. राजगिऱ्याचा भाऊ किविचाही तिथे पोत्यांत दिसेल. शाकाहाऱ्यांनी मात्र नुसते 'व्हेजिटेरियन' म्हणून थांबू नये. सूप कोंबडीच्या पाण्यात केलेले असते. मांस, कोंबडी, मासे नकोत आणि कोंबडीचा रस्साही नको, असे चार शब्द स्पॅनिशमध्ये लिहून खिशात ठेवावेत.

विनिकुंका किंवा पाच हजारांचे आणखी काही करायचे तर ते या सगळ्यानंतर, शेवटून दुसऱ्या दिवशी. तेव्हा तो डोंगर आनंद देतो.

औषधांविषयी पुष्कळ गैरसमज आहेत. ॲसिटाझोलामाइड, म्हणजे डायमॉक्स, साधारणपणे १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढण्याच्या आदल्या दिवसापासून घेतात. सल्फाची ॲलर्जी, मूत्रपिंडाचे दुखणे किंवा रक्तदाबाच्या गोळ्या सुरू असतील तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय घेऊ नये. बोटांना मुंग्या येतात, लघवी वाढते, सोड्याची चव बदलते, हे अपेक्षित असते. पेरूत मिळणाऱ्या सोरोच्ची गोळ्यांत मुख्यतः ॲस्पिरिन आणि कॅफिन असते. डोकेदुखी दबते, शरीर सरावत नाही, आणि दबलेल्या डोकेदुखीवर विसंबून माणूस आणखी वर जातो. कोकाच्या पानांचा चहा तिथे कायदेशीर आहे, प्यायला हरकत नाही, पण त्याने उंचीचा त्रास टळतो असे सिद्ध झालेले नाही. त्याची पाने किंवा पिशव्या भारतात आणणे अमली पदार्थविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. करोनानंतर घरोघरी आलेला ऑक्सिमीटर जरूर न्यावा, पण कुस्कोत पहिल्या दिवशी ८५ ते ९० चा आकडा पाहून घाबरू नये आणि मेंदी किंवा नखरंग लावलेल्या, गार पडलेल्या बोटावरचा आकडा धरू नये. आकड्यापेक्षा माणसाकडे पाहावे. सरळ रेषेत टाचेला टाच लावून चालता येत नसेल, बोलणे असंबद्ध होत असेल, बसल्या जागी धाप लागत असेल किंवा खोकल्यातून फेस येत असेल, तर सकाळची वाट न पाहता निदान ५०० ते १००० मीटर खाली न्यावे. कुस्कोहून खोऱ्यात उतरायला गाडीने दोन तास लागतात.

विदर्भ आणि नंदुरबार भागातल्या कुटुंबांसाठी एक विशेष सूचना. सिकलसेलचा वाहक असलेला माणूस खाली पूर्ण निरोगी असतो, पण विरळ हवेत त्याच्या प्लीहेला इजा होऊ शकते. डाव्या बरगडीखाली अचानक दुखू लागले तर तो पोटाचा किरकोळ विकार समजू नये. जाण्यापूर्वी रक्त तपासून घ्यावे.

पीतज्वराच्या (यलो फीव्हरच्या) लसीबाबत जाहिरातीत एक अक्षर नसते. पेरू हा पीतज्वराचा देश मानला जातो, आणि तिथून निघाल्यावर सहा दिवसांत प्रमाणपत्राशिवाय भारतात उतरलेल्या प्रवाशाला विलगीकरणात ठेवतात. तो जंगलात गेला होता की नाही, हे विचारात घेत नाहीत. प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी लागू होते आणि लस केंद्र सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते. तिथे आधी वेळ घ्यावी लागते, म्हणून निदान दीड महिना आधी हालचाल करावी. साठीच्या पुढच्यांनी आणि अंड्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच ती घ्यावी. प्रवास विम्याच्या कागदावर ट्रेकिंगसाठी उंचीची मर्यादा लिहिलेली असते, तीही वाचावी. नेपाळसारखे हेलिकॉप्टर पेरूच्या डोंगरात सहज येत नाही, उतरवायला घोडा किंवा खेचरच असते.

आमची मागणी दोन ओळींची आहे. आपल्या पुरवणीत उंच प्रदेशाच्या प्रवासाचा लेख छापताना शेवटी एक चौकट द्यावी, आणि जाहिरातदारांनाही तशी अट घालावी: मुक्कामाचे गाव, त्याची उंची, आणि त्याआधीच्या आठवड्यातल्या सर्वांत उंच मुक्कामापेक्षा ती किती जास्त. पहिली झोप २,८०० मीटरच्या वर असेल, किंवा तिसऱ्या रकान्यातल्या वाढीचा ३,००० मीटरच्या वरचा भाग ५०० पेक्षा मोठा असेल, तर वाचकाने पैसे भरण्यापूर्वी सहल कंपनीला क्रम बदलायला सांगावे. क्रम बदलायला जादा खर्च जवळजवळ येत नाही. विमाने, आगगाडी आणि हॉटेले तीच राहतात.

कळावे,
आपले,
गिर्यारोहण आणि प्रवास-आरोग्य या विषयांत काम करणारे काही वाचक,
पुणे